अर्ध्या दिवसाचे तंजावर: एक प्रतिवाद

सुट्टीचा बेत आखणाऱ्या सुशिक्षित मराठी कुटुंबांत एक मत अलीकडे इतके रूढ झाले आहे की त्याला प्रमाण मागण्याची कोणास गरजही वाटत नाही. ते मत असे की, ज्याला समुद्र, जुने नगर, राजवाडा, ग्रंथसंग्रह, संगीत आणि रुचकर अन्न ही सर्व एकाच प्रवासात हवी असतील त्याने पैसा साठवून भूमध्य समुद्राच्या काठी, व्हेनिसला, डुब्रोव्हनिकला किंवा बार्सेलोनाला जावे. दक्षिण हिंदुस्थान हा देवदर्शनाचा मुलूख आहे, आणि त्यातले तंजावर तर तिरुचिरापल्लीहून रामेश्वराच्या वाटेवर अर्ध्या दिवसात उरकण्याजोगे स्थळ आहे. मोठे देऊळ पाहावे, भोसल्यांचा शिलालेख पाहावा, राजवाड्याच्या दालनातून एक फेरी मारावी आणि पुढच्या मुक्कामास निघावे, याहून अधिक तेथे काही नाही, असे हे मत सांगणारे लोक स्वतः तंजावरास जाऊन आलेले असतात, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन प्राप्त होते. मला हे मत समूळ चुकीचे वाटते, आणि ते आपल्या समाजाच्या एका मोठ्या वारशावर पडदा टाकणारे असल्यामुळे त्याचा प्रतिवाद विस्ताराने करणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम हे मत ज्या अनुभवातून निघते तो अनुभव पाहिला पाहिजे. भूमध्य समुद्राकाठच्या एखाद्या नगराचा बेत ठरविताना हाच गृहस्थ चार-सहा महिने आधी पुस्तके चाळतो, ऋतू कोणता अनुकूल याची चौकशी करतो, जुन्या वस्तीतच उतरण्याची जागा शोधतो आणि एका ठिकाणी निदान चार रात्री राहण्याची तजवीज करतो. तंजावरच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट तो करीत नाही. शाळेच्या सुट्टीला धरून तो मे महिन्यात निघतो, किंवा दिवाळीत ऐन ईशान्य मोसमी पावसात निघतो. सकाळचा वेळ वाटेवर घालवून अकराच्या सुमारास बृहदीश्वराच्या प्राकारात अनवाणी पायांनी उतरतो, तेव्हा फरसबंदी तापलेली असते. आणि दुपारी गाभारा बंद होऊन थेट चारच्या सुमारास उघडतो ही गोष्ट त्यास दारात पोहोचल्यावर कळते. मधल्या वेळात कोणी वाटाड्या त्याला सांगतो की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. सावली पडते, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर त्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असती. अशा रीतीने पोळलेले पाय आणि एक खोटी आख्यायिका एवढी प्राप्ती घेऊन तो परततो आणि तेथे काही नाही असा निकाल देतो. हा निकाल त्याच्या बेताविषयी आहे, नगराविषयी नाही.

राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेले हे देवालय केवळ उंचीसाठी पाहण्याची वस्तू असती तर अर्धा तासही पुरे झाला असता. परंतु त्याच्या जोत्यावर आणि भिंतींवर एका राज्याचे सबंध दफ्तर कोरलेले आहे: कोणत्या गावाने किती धान्य द्यावे, कोणत्या दागिन्यात किती रत्ने आहेत, निरनिराळ्या देवळांतून आणून वसविलेल्या चारशे नर्तकींची नावे कोणती आणि कोणत्या आळीतले कितवे घर कोणास दिले. गाभाऱ्याभोवतीच्या प्रदक्षिणामार्गात नायक काळच्या चित्रांच्या थराखाली चोळ काळची भित्तिचित्रे झाकलेली आहेत ही गोष्ट अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांनी १९३१ साली उजेडात आणली. वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातील एकशे आठ करणांपैकी एक्याऐंशी कोरून झाली आणि उरलेल्यांसाठी मोकळे दगड तसेच राहिले. हे भाग सर्वांस खुले नसतात हे खरे. पण ते तेथे आहेत हे ठाऊक असलेला प्रवासी बाहेरच्या भिंतींकडेही वेगळ्या दृष्टीने पाहतो. सकाळी सहाला आणि सूर्यास्ताच्या वेळी, अशा निदान दोन खेपा या देवळास दिल्याशिवाय ते पाहिले असे म्हणू नये. राजवाड्यातील कलादालनाचेही तेच. तिरुवेंकाडूहून आलेली, अकराव्या शतकाच्या आरंभीची वृषभवाहन शिवाची कांस्यमूर्ती तेथे आहे. अदृश्य नंदीवर कोपर टेकून उभ्या असलेल्या त्या देहाची सहजता पाहिल्यावर, अभिजात शिल्पासाठी भूमध्य समुद्रच गाठला पाहिजे हा आग्रह कोणी ठेवील असे मला वाटत नाही.

आता विरुद्ध पक्षाच्या सर्वांत बळकट मुद्द्याकडे वळतो. ते म्हणतात, तुमचे तंजावर समुद्रावर नाही. आणि ज्या सुट्टीची आम्ही गोष्ट करतो तिच्यात नगर आणि सागर यांचा एकजीव संबंध असतो, गलबते ज्या धक्क्याला लागली त्याच धक्क्यावर राजवाडे उठले, व्यापाऱ्यांच्या पैशातूनच चित्रकार पोसले गेले. हा मुद्दा नकाशापुरता खरा आहे. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, कारण तंजावर हे एका ठिकाणाचे नाव समजून तो काढलेला आहे. तंजावर हे एक राज्य होते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाच्या मुखाशी ते आपली बंदरे ठेवून होते, आणि त्या बंदरांतून जे आत आले त्याच्याशिवाय राजधानीतील एकाही दालनाचा अर्थ लागत नाही.

याचे सर्वांत ठळक प्रमाण तरंगमबाडी हे आहे. १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या लोकांस तेथे वखार आणि किल्ला बांधण्याची परवानगी दिली. सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले त्याचे पत्र आजही कोपनहेगनच्या दफ्तरखान्यात जतन केलेले आहे. तेथे डान्सबोर्ग किल्ला उभा राहिला. १७०६ साली त्सीगेनबाल्ग हा जर्मन धर्मोपदेशक त्या किनाऱ्यावर उतरला, तमिळ शिकला, आणि त्याच्या छापखान्यातून थोड्याच वर्षांत तमिळ नवा करार बाहेर पडला. त्याच मिशनमध्ये १७५० साली ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आला, आणि हाच श्वार्ट्झ पुढे तंजावरास राहून तुळजा राजाचा विश्वासू झाला. तुळजाने मरणापूर्वी आपला दत्तक पुत्र सरफोजी याचा हात ज्याच्या हाती दिला तो हा श्वार्ट्झ. आणि अमरसिंहाच्या कारकिर्दीत त्या मुलाच्या जिवाला व शिक्षणाला धोका दिसू लागला तेव्हा त्यास मद्रासेस नेऊन शिकविण्याची व्यवस्था ज्याने केली तोही हाच. श्वार्ट्झ १७९८ च्या फेब्रुवारीत वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसला. तंजावरच्या किल्ल्यालगतच्या चर्चमध्ये या गुरूच्या मृत्युशय्येपाशी उभ्या असलेल्या सरफोजीचे संगमरवरी शिल्प आहे. ते इंग्लंडातील नामांकित शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडविले असून सरफोजीने ते मुद्दाम करवून घेतले होते. एका मराठा राजाने आपल्या परदेशी गुरूसाठी उभारलेले हे स्मारक मोठ्या देवळापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, आणि अर्ध्या दिवसाच्या प्रवाशाला त्याची वार्ताही नसते.

ही साखळी डोक्यात ठेवून सरस्वती महालात शिरले म्हणजे त्या ग्रंथालयाचा अर्थ उलगडतो. सुमारे एकोणपन्नास हजार हस्तलिखितांच्या, आणि मोडी लिपीतील तेराशेच्या आसपास रुमालांच्या या संग्रहात संस्कृत पोथ्यांच्या शेजारी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन ग्रंथ का आहेत, मनुष्याच्या आणि पशूंच्या चेहऱ्यांचे साम्य दाखविणारी ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची रेखाटने तेथील प्रदर्शनात का लावलेली आहेत, नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे काढून त्यांच्या उपचाराची टिपणे कोणी आणि कशासाठी ठेविली, या सर्व प्रश्नांची उत्तरे किनाऱ्यावरून आत येणाऱ्या त्या वाटेवर आहेत. याच सरफोजीने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नागरी टाइपाचा छापखाना चालविला आणि सख्खण पंडिताने मराठीत आणलेल्या इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापविल्या. त्या वेळी पुण्यात पेशवाई नांदत होती आणि तेथे मराठी पुस्तक छापण्याचा उद्योग सुरूही झाला नव्हता. मराठी मुद्रणाच्या इतिहासातील हे पान तंजावरात लिहिले गेले, आणि इसाप हा तर त्याच भूमध्य समुद्राकाठचा कथाकार, ज्याच्या शोधात आपण हजारो मैल जाण्यास निघतो. राजा छापखाना घालतो, त्यासाठी मातृका पाडवितो, आणि त्यातून मुलांसाठी पुस्तक काढतो, ही गोष्ट मला त्या राजवंशाच्या कोणत्याही लढाईहून मोठी वाटते.

दक्षिणेकडे वळले की हेच चित्र निराळ्या रंगांत दिसते. कारैकाल हे बंदर १७३९ साली फ्रेंचांकडे गेले ते तंजावरच्या गादीच्या तंट्यातून. नागपट्टिणम १६५८ पासून डचांच्या ताब्यात होते, त्यापूर्वी तेथे पोर्तुगीज होते, आणि त्यांच्याही फार पूर्वी राजराजाच्या अनुज्ञेने श्रीविजयच्या राजाने तेथे बौद्ध विहार बांधविला होता. शेजारच्या नागूर येथील दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्याने बांधून दिलेला आहे. उत्तरेकडे कावेरीच्या मुखाशी पूम्पुहार, म्हणजे प्राचीन कावेरीपट्टणम, जेथे यवन व्यापाऱ्यांची वस्ती होती असे तमिळ महाकाव्य सांगते आणि ज्याचा उल्लेख टॉलेमीच्या भूगोलात येतो. भूमध्य समुद्राकाठचे व्यापारी ज्या किनाऱ्यावर स्वतः चालून येत होते त्या किनाऱ्याला समुद्र नाही असे म्हणणे कितपत न्याय्य आहे, याचा विचार वाचकांनीच करावा. कुंभकोणमावरून तरंगमबाडीपर्यंतचे अंतर शंभरेक किलोमीटर भरते; पहाटे निघून रात्री परतता येते, आणि एक रात्र तेथेच काढली तर किल्ल्याच्या तटाखाली लाटांचा आवाज ऐकत ती काढता येते.

प्रवाशाने तंजावरात मुक्काम करावा ही कल्पना काही मी आज नव्याने मांडतो आहे असे नाही. त्या राज्याची स्वतःचीच ती रीत होती. काशीहून रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंचा मार्ग या मुलुखातून जात असे, आणि त्या मार्गावर भोसल्यांनी छत्रे बांधली होती: नीडामंगलमला प्रतापसिंहाच्या काळचे यमुनांबाबाईच्या नावाचे छत्र, ओरत्तनाडूस सरफोजीने उभारलेले मुक्तांबाबाईच्या नावाचे छत्र, आणि अशी कितीतरी. तेथे येणाऱ्यास अन्न मिळे, आजाऱ्यास औषध मिळे, पुढील वाटेची शिदोरी मिळे. काही छत्रांत पाठशाळा होत्या. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला तेव्हा सरफोजीने इतर पुष्कळ गोष्टी सोडून दिल्या, पण छत्रांची व्यवस्था मोडू नये म्हणून १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटास मोठ्या कळकळीचे पत्र लिहिले. मुलूख गेला तरी पाहुण्याची पंगत राहिली पाहिजे, असा हा आग्रह होता. ज्या दरबाराने प्रवाशाची एवढी चिंता वाहिली त्याच्या नगरात आज त्याच दरबाराच्या भाषेचा प्रवासी चार तासांपेक्षा अधिक थांबत नाही, याची खंत मला वाटते, आणि ती मी लपवू इच्छीत नाही.

येथे मला दुसऱ्या एका मताचाही समाचार घेतला पाहिजे, कारण तंजावरचा कैवार घेणाऱ्यांतच ते आढळते. हे लोक तंजावरास अवश्य जा म्हणतात, पण कशासाठी, तर तेथे आपले राज्य होते हे पाहण्यासाठी. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवरील भोसले वंशाच्या चरित्राचा दीर्घ मराठी लेख पाहून त्यांची छाती फुगते आणि तेथेच त्यांची यात्रा संपते. तो लेख पाहण्यासारखा आहे यात संशय नाही. मराठीतील इतका विस्तृत शिलालेख अन्यत्र नाही. पण तो कोरला गेला त्या सालाकडे पाहा. ते साल आहे १८०३. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजा कंपनीपुढे हटल्या. तंजावरचा राजा तर चार वर्षांपूर्वीच किल्ल्यापुरता धनी उरला होता. आपल्या हातून राज्य गेल्यावर त्याने चिटणीस बाबूराव याजकडून वंशाची बखर रचवून ती आठशे वर्षांच्या जुन्या चोळ दगडावर उतरविली. हा लेख विजयाचा मानणारे लोक तो वाचतच नाहीत. तो आपले नाव पुसले जाईल या चिंतेतून लिहिलेला आहे, आणि म्हणूनच तो मला अधिक जवळचा वाटतो.

अभिमानाच्या या सोप्या मार्गाला आणखी एक अडचण समुद्रकाठीच उभी आहे. ओरत्तनाडू आणि पट्टुकोट्टै यांवरून तंजावरपासून सुमारे पासष्ट किलोमीटर गेले की पाल्कच्या सामुद्रधुनीवर मनोरा नावाचा आठ मजली, षट्कोनी बुरूज लागतो. नेपोलियनचा पाडाव झाला त्या आनंदाप्रीत्यर्थ सरफोजीने तो १८१४-१५ च्या सुमारास बांधविला आणि त्यावर मराठीसह अनेक भाषांत तसे कोरविले. भूमध्य समुद्रातील एका बेटावर जन्मलेल्या सम्राटाचा पराभव बंगालच्या उपसागराच्या या कोपऱ्यात मराठीत साजरा होतो, आणि तो साजरा करणारा राजा स्वतः त्या विजेत्यांचा अंकित असतो. त्या बुरुजापाशी उभे राहून, आपले राज्य होते, एवढेच म्हणून परतणाऱ्याने इतिहास पाहिला असे होत नाही. भोसल्यांनी तंजावरात जे केले ते तेथल्या लोकांत मिसळून केले: शहाजी राजाने मराठीबरोबर तेलुगूत नाटके लिहिली, आणि ही नाटके सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांचे सीतास्वयंवर उभे राहण्याच्या दीडशे वर्षे आधीची, सरफोजीच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंनी भरतनाट्याच्या मैफलीला आजचा क्रम दिला, महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांच्या पद्धतीवरून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेचा साज बदलला. तेथे ज्यांच्या घरी आजही मराठी बोलली जाते ती कुटुंबे तमिळही तितक्याच आपुलकीने बोलतात. आपल्यापैकी कोणी जाऊन त्यांना मराठीपणाची परीक्षा देण्यास भाग पाडू नये.

विरुद्ध पक्षाचे जे खरे आहे ते मी मोकळेपणाने मान्य करतो. या किनाऱ्यावर पोहण्याची सोय नाही, बंदराच्या काठी ओळीने मांडलेली उपाहारगृहे नाहीत, जुन्या इमारतींची निगा सर्वत्र सारखी नाही. २००४ च्या त्सुनामीने आणि २०१८ च्या ‘गज’ चक्रीवादळाने या किनाऱ्याला जबर तडाखे दिले. ज्याला केवळ पाण्यात डुंबायचे आहे त्याने दुसरीकडे जावे; आणि ज्याची ऐपत आहे त्याने व्हेनिसही जरूर पाहावे. परंतु ते पाहताना हेही ध्यानात घ्यावे की त्याच व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठराविक दिवशी, केवळ दिवसापुरते येणाऱ्या प्रवाशांवर पाच युरोंचे शुल्क बसविले आणि रात्री मुक्काम करणाऱ्यांस त्यातून वगळले. धावता प्रवासी नगराचे काही भले करीत नाही, हे तेथे अनुभवाने ठरलेले आहे.

राहता राहिला ऋतूचा आणि वेळेचा प्रश्न. मे महिन्यात आणि दिवाळीत जाऊ नये, हे वर आलेच आहे. पौष आणि माघ हे खरे दिवस: पाऊस ओसरलेला, कावेरीच्या खोऱ्यात सांबा भाताची कापणी चाललेली, हवा सोसवणारी. पौष वद्य पंचमीस तंजावरपासून तेरा किलोमीटरांवर, तिरुवैयारूस, त्यागराजांच्या समाधीपाशी आराधना भरते आणि शेकडो गायक एकत्र बसून पंचरत्न कृती गातात; त्या समाधीवरील मंदिर बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेने स्वतःच्या पैशातून बांधविले. या उत्सवाला धरून तंजावरात पाच रात्री राहावे. एक दिवस देऊळ आणि चर्च, एक दिवस राजवाडा आणि सरस्वती महाल, एक दिवस कुंभकोणमाकडचे दारासुरम आणि पुढे गंगैकोंडचोळपुरम, एक दिवस तरंगमबाडी, एक दिवस ओरत्तनाडूच्या छत्रावरून मनोरा. तिरुचिरापल्लीचा विमानतळ येथून साठेक किलोमीटरांवर आहे. खर्च भूमध्य समुद्राच्या सहलीच्या अल्पांशात भागतो.

एवढा वेळ आणावा कोठून, असे विचारणाऱ्यांस माझे उत्तर त्यांच्या हातातील कार्यक्रमपत्रिकेतच आहे. दक्षिणेच्या सहलीत आठ दिवसांत मदुरा, रामेश्वर, कन्याकुमारी, कोडाईकनाल, तिरुचिरापल्ली आणि तंजावर अशी सहा नावे बसविलेली असतात, आणि त्यांतील निम्मा वेळ मोटारीत जातो. कोडाईकनाल आणि कन्याकुमारी या वेळेपुरती गाळावीत, रामेश्वर आणि मदुरा पुढच्या वर्षासाठी ठेवावीत. तंजावरच्या पाच रात्री तेवढ्याने निघतात, आणि जाण्यायेण्याचे दिवसही त्यातच बसतात.